खालच्यानं वर बघायचं नाही

हात पुढे आला.

म्हणजे झालं इतकंच, की सकाळी दूध आणायला निघालो होतो, कोपऱ्यावरच्या फुटपाथची एक फरशी सुटलेली होती, तिच्या एका टोकावर पाय पडला, दुसरं टोक वर आलं आणि मी पडलो. माणसं पडतात. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण पडता पडता माझा उजवा हात पुढे आला, तळवा जमिनीवर टेकला, खरचटला आणि तोंड फरशीपासून वीतभर वर थांबलं. इतक्या जवळून फरशी मी कधी बघितली नव्हती. एक मुंगी दोन फरशांमधल्या फटीतून चालली होती, तिच्यावर माझी सावली पडली म्हणून ती थांबली, मग पुन्हा चालायला लागली. मी हाताला काही सांगितलं नव्हतं. उठून उभा राहिलो आणि तळव्याकडे बघत राहिलो. बारीक खडे रुतलेले, एकदोन ठिकाणी रक्त नुकतं येऊ बघत होतं, आणि चुरचुरत होतं. छान चुरचुरत होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार आतून ओरडला, "लागलं का हो?" "लागलं!" मी म्हणालो. ते मी अशा काही सुरात म्हणालो असणार, की तो गल्ला सोडून बाहेर आला आणि हाताकडे न बघता आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "पाणी देऊ?" "नको नको. फक्त लागलंय," मी म्हणालो, पोरगं पास झालं म्हणून सांगावं तसं.

यापूर्वीचं पडणं असं नव्हतं. ते बाथरूममधलं. साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला आणि मी कपाट पडावं तसा पडलो, अख्खा, सरळ, वाटेत कशालाही न धरता. हनुवटी ओट्याच्या कडेवर आपटली. टाके घालणारा डॉक्टर पोरसवदा होता, झोप न झालेला. टाके घालून झाल्यावर त्यानं माझे दोन्ही तळवे उलटे करून बघितले, लहान मुलानं हातात काही लपवलंय का बघतात तसे. "हात कुठे होते तुमचे?" मी म्हणालो, इथेच. "पडलात तेव्हा कुठे होते? खिशात?" "अहो, आंघोळीला उभा होता तो, खिसा कुठला?" असं म्हणून बायको हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. डॉक्टर म्हणाला, "पडणारा माणूस हात टेकतो. प्यायलेलासुद्धा टेकतो. यांचे तळवे कोरे आहेत." मग त्यानं बायकोला बाजूला नेलं. परत आली तेव्हा तिच्या हातात वरच्या मजल्यावरच्या, मनाच्या डॉक्टरचं नाव होतं. मी पांढऱ्या खाटेवर बसून माझे कोरे तळवे बघत होतो आणि मला त्यांत काहीच वावगं दिसत नव्हतं.

वरच्या मजल्यावर माझ्या या असण्याला आजार म्हणतात हे मला तिथं कळलं. मी त्याला काहीच म्हणत नव्हतो. लोकांना वाटतं असा माणूस दुःखी असतो. दुःख परवडलं. मी नाट्यगृहात दिवे लावतो, म्हणून मला त्याच भाषेत सांगता येईल: डिमर अगदी खाली आणला की दिवा विझत नाही, आतली तार तांबूस दिसत राहते, पण तिचा उजेड कशावरच पडत नाही. लोक विचारायचे, काय झालंय? काही झालं नव्हतं. तार तांबूस होती. जेवायचो, कामावर जायचो, कुणी विनोद केला की कुठे हसायचं ते माहीत होतं, तिथं हसायचो. गोळ्या झाल्या, मग दुसऱ्या गोळ्या, मग दोन्ही मिळून. तोंडाला कोरड पडली, तार तांबूसच. आणि गंमत अशी की या सगळ्या काळात शिडीवर माझ्यासारखा माणूस नव्हता.

शिडीचं सांगायला हवं. आमच्याकडे एक शिडी आहे, दोन्ही बाजूंनी पाय फाकून उभी राहणारी, रंगमंचाच्या वरच्या लोखंडी दांड्यांपर्यंत पोचणारी. तिला सगळे जिराफ म्हणतात. नवं नाटक आलं की मी जिराफावर चढून दिवे एकेक करून वळवतो, घट्ट करतो, पुढे रंगीत कागद लावतो, आणि खाली मामा जिराफ धरतो. मामाचं आणि माझं काही नातं नाही, तो अख्ख्या नाट्यगृहाचा मामा आहे, वयानं माझ्या वडिलांएवढा, आणि हे काम मला त्यानं शिकवलं. पहिल्या दिवशी शिकवलेला नियम असा: वरच्यानं खाली बघायचं नाही, खालच्यानं वर बघायचं नाही. वरच्यानं खाली बघितलं तर तो पडतो. खालच्यानं वर बघितलं तर त्याच्या डोळ्यांत धूळ जाते, नाहीतर डोक्यात काहीतरी पडतं, मग तो हात सोडतो आणि वरचा पडतो. "म्हणजे कसंही करून तूच पडणार," मामा म्हणाला होता, "तेव्हा नियम तुझ्याच भल्याचा." खालच्यानं एक पाय पहिल्या पायरीवर रोवायचा, दोन्ही हात दोन्ही बाजूंना, नजर जमिनीवर. वरच्याला खालचा दिसत नाही, पण त्याचं वजन पायांतून कळतं. बरं चाललेलं असलं की ते कळतही नाही. त्या तांबूस काळात मी जिराफाच्या टोकावर दोन्ही हात सोडून उभा राहायचो. दिग्दर्शक खालच्या अंधारातून ओरडायचा, "अहो धरा की कशाला तरी!" आणि कलाकार मंडळी म्हणायची, याला चक्कर म्हणजे काय ते माहीतच नाही. खरंच माहीत नव्हतं. ज्याला पडायचं नसतं, त्याचाच तोल जातो. मला पडायचं नव्हतं असं नव्हतं, पडायचं होतं असंही नव्हतं. माझ्या लेखी वर आणि खाली या एकाच खोलीच्या दोन भिंती होत्या. एकदा माझ्या हातून पाना निसटला आणि मामाच्या कपाळावर, भुवईच्या अगदी वर लागला. रक्त आलं. मी वरून "सॉरी" म्हणालो, गर्दीत कुणाला धक्का लागल्यावर म्हणतात तसं, आणि दुसरा पाना मागितला. नंतर सगळ्यांनी मामाचीच चेष्टा केली. जन्म गेला शिडी धरण्यात आणि वर बघतोय! "मामा, चांदण्या मोजत होता का?" मामा म्हणाला, "मोजत होतो. एक निखळली." वण अजून आहे.

गोळ्यांनी भागेना म्हटल्यावर यंत्राचं ठरलं. कापायचं नाही, टोचायचं नाही, शॉकसुद्धा नाही. दाताच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची, त्यात बसायचं, जागं राहायचं, आणि बाहेरून डोक्यावर चुंबकाचे ठोके. ज्या बाई ते देतात त्या आधी माझ्या डोक्यावर पोहताना घालतात तसली टोपी चढवतात आणि तिच्यावर पेनानं खुणा करतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात टोपीवाली म्हणतो. पहिल्या दिवशी टोपीवालीनं दोन चकत्या जोडून केलेलं ते यंत्र माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूवर ठेवलं, इकडे तिकडे सरकवलं, बटण दाबलं, आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा उडाला. मासा उडावा तसा. "हे मी नाही केलं," मी म्हणालो. "मी केलं," ती म्हणाली. "आता मला कळलं तुमचा अंगठा वर कुठे राहतो. आपल्याला जायचंय ते घर तिथून थोडं पुढे." मला अंगठ्याची दया आली. इतकी वर्षं तो माझा आहे असं मी धरून चाललो होतो, आणि त्यानं एका परक्या बाईचं पहिल्या हाकेला ऐकलं.

टकटकटकटक. असा आवाज. सुतारपक्षी, पण घाईतला. भुवई उडते, वरचे दात खालच्या दातांवर वाजायला लागतात, आणि मग एकदम शांत. त्या शांततेत विचार करायला मिळतो, पण पूर्ण करायला मिळत नाही, कारण पुन्हा टकटकटकटक, आणि विचार तुटतो तिथून पुढे न जाता भलतीकडेच उगवतो. आई सांगायची की मी उभा राहायला शिकलो तो खुर्चीच्या टकटकटकटक जिराफाच्या बिजागरात तेल घालायला हवं, मामाला सांगितलं तर म्हणेल आधी माझ्या गुडघ्यांत टकटकटकटक पायाला धरून. खुर्चीच्या पायाला धरून. आणि एके दिवशी कुणीतरी ती खुर्चीच उचलून नेली आणि मी तसाच उभा, खुर्चीचा पाय अजून धरलाय अशी मूठ करून. सगळे हसले, पण मला कुणी सांगितलं नाही की खुर्ची टकटकटकटक दात. दात घासताना बायको आरशातून बघते आणि मी बघितलं की टकटकटकटक नाहीये. ती नाहीये हे कळल्यावर बसलास धपकन, असं आई म्हणायची. कळेपर्यंत चांगला उभा होतास.

त्या खोलीत आणखी एक वस्तू आहे. जमिनीवर ठेवलेला एक जाड पत्रा. त्यावर पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं. पत्र्याला तुमचं वजन कुठे कलतं ते कळतं आणि पडद्यावर त्याची रेघ उमटते. ज्यांच्या मनाचं असं होतं त्यांचा देहाचा तोलही ढळतो म्हणे, आणि मन सावरताना तो सावरतो का, हे ते लोक बघताहेत. अगदी सुरुवातीला माझी रेघ म्हणजे मांजरानं खेळून सोडलेला दोऱ्याचा गुंडा होता. मी म्हणालो, हा माझा नव्हे. टोपीवाली म्हणाली, "पत्र्यावर दुसरं कोण होतं?" मग काही आठवड्यांनी तो गुंडा लिंबाएवढा झाला, मग वाटाण्याएवढा. "तुम्ही आधी खूप डुलत होतात," ती म्हणाली. "मी? अहो, शिडीच्या टोकावर मी खांब असायचो, खांब." "असाल. खांबाला कुठे कळतं?"

ठोक्यांनी काय झालं ते सांगणं अवघड आहे, कारण झालं ते बारीक बारीक. एक दिवस वरणाला— नाही, एक दिवस नुसत्या पाण्याला चव लागली. थंड, किंचित लोखंडाची. एक दिवस मोजा उभ्यानं घातला, भिंतीला टेकलो नव्हतो हे घातल्यावर कळलं. एकदा बायको मागच्या खोलीत शिंकली आणि मला ती शिंक ऐकू आली. म्हणजे शिंका ती आधीही देत असणार. डिमर कुणीतरी केसभर वर नेत होतं. आणि त्याच वेळी, मागच्या आठवड्यात, नवं नाटक आलं, मी जिराफावर चढलो, आणि जिराफ हलला.

आधी वाटलं पायरी निसटली. नाही. मी शिडीला मिठी मारली. लोखंडी दांडी माझ्या डोळ्यांपुढे होती, तिच्यावर धुळीचा जाड थर, त्यात माझ्याच जुन्या बोटांचे ठसे. या ठिकाणी मी उभा राहत होतो? हात सोडून? खालून दिग्दर्शकाचा आवाज, "जरा डावीकडे, अजून, अहो झोपलात का?" मी दिव्याला हात लावला नाही. एकेक पायरी चाचपत खाली आलो. "काय राजे," मामा म्हणाला, "दिवा वरच राहिला की." माझ्यावर खूश असला किंवा चिडला की तो मला राजे म्हणतो. "जिराफ हलतोय," मी म्हणालो. मामानं जिराफाचे चारही पाय बघितले, रबराच्या टोप्या बघितल्या, बिजागर दाबून बघितलं. "जिराफ तोच, जमीन तीच, धरणारा तोच. डोकं तू बदलून आलास." मग हळू म्हणाला, "होईल. घाई नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो, पुन्हा हलला. त्याच्या पुढच्या दिवशी अर्ध्यातून उतरलो. दिग्दर्शकानं मला कोपऱ्यात घेऊन फार गोड आवाजात विचारलं, "या नाटकापुरता दुसरा कुणी बघू का? तुम्ही आराम करा." गोड आवाजाचा अर्थ मला कळतो. दिवे लावणाऱ्याला शिडी चढता येत नसेल तर तो अंधारात बसलेला नुसता एक माणूस.

रात्री जेवताना बायकोला म्हणालो, यंत्र बंद करतो. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, जेवताना समोरच्याचा चष्मा पुसायची तिला खोड आहे. माझा काढून घेतला आणि पदराच्या टोकानं पुसायला लागली. मी धूसर दिसणाऱ्या तिच्याशी बोलत होतो. "मला भीती वाटायला लागलीय," मी म्हणालो. "आधी नव्हती. यंत्रानं तोल घालवला माझा." "भीती वाटते हे तू मला सांगतोयस." "मग कुणाला सांगू?" "तेच म्हणतेय. इतके दिवस मला काही सांगत नव्हतास. 'भात वाढ' एवढं सांगायचास." मी म्हणालो, "आणि काम गेलं तर?" तिनं काच उजेडाला धरली. "नवा चष्मा घेतलेलं गिऱ्हाईक चार दिवसांत परत येतं आणि म्हणतं, जमीन वर आल्यासारखी दिसते, पायऱ्या खोल वाटतात, नंबर चुकला तुमचा. मी सांगते, अजून चार दिवस घाला." "आणि नंबर खरंच चुकलेला असला तर?" तिनं काच पुन्हा एकदा पुसली. "असतो कधी कधी," म्हणाली आणि चष्मा माझ्या नाकावर ठेवला. तिचा चेहरा एकदम जवळ आला. डोळ्यांखाली काळं होतं. ते कधीपासून होतं, कुणास ठाऊक.

तर आज सकाळी मी निघालो होतो ते दूध आणायला, आणि तिथून टोपीवालीला नाही म्हणून सांगायला. वाटेत हा हात.

दूध घरी ठेवलं. बायकोला तळवा दाखवला. "हात पुढे आला," मी म्हणालो. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला, खडे नखानं काढले, बराच वेळ काढत राहिली, आता खडे उरले नसतानाही. मग म्हणाली, "आला ना? मग त्याच हातानं कपबशा विसळ." आणि आत निघून गेली, आणि आतून नाक ओढल्याचा आवाज आला, तोही मला ऐकू आला.

तरी मी नाही म्हणायलाच गेलो. कारण मला एक गोष्ट सुचली होती आणि ती चुरचुरीपेक्षा खोल गेली होती: उजवाच अंगठा टोपीवालीनं उडवला होता, आणि पुढे आला तोही उजवाच हात. तो मी पुढे केला, की अजून कुणीतरी बटण दाबतंय? कळेपर्यंत मी चांगला उभा होतो. असल्या हातावर जिराफ चढायचा? त्यापेक्षा तांबूस तार बरी, तीत निदान मी खांब तरी होतो. टोपीवालीला म्हणालो, उद्यापासून येत नाही. ती रागावली नाही. "बरं. मग शेवटचं एकदा पत्र्यावर उभे राहा." मी उभा राहिलो, डोळे मिटले. शेवटचं म्हणून असेल, पहिल्यांदाच लक्ष देऊन उभा राहिलो. डोळ्यांमागे काळं, आणि त्या काळ्यात मी स्वतःला कळत होतो: घोट्यांपाशी एक हळू, गोल फिरणं, भरलेली बादली खाली ठेवल्यावर आतलं पाणी थांबता थांबत नाही तसं. हे माझं डुलणं. असं असतं होय. वाईट नव्हतं. "वाटाणाच," ती म्हणाली. मी डोळे न उघडता विचारलं, "सकाळी मी पडलो आणि हात पुढे आला. तो तुम्ही आणलात की मी?" ती म्हणाली, "सकाळी मी झोपले होते." मग टोपीची घडी घालता घालता, "खुर्ची उद्या तुमच्या वेळेला रिकामी ठेवते. बसायला नाही आलात तरी चालेल."

दुपारी नाट्यगृह रिकामं होतं. दिवसाउजेडी रिकाम्या नाट्यगृहाइतकं उघडं काही नसतं; पडदे नुसते कापड, खुर्च्यांची फाटकी कोपरं, कुठेतरी नळ गळतोय. मामा जिराफ मधोमध उभा करून बसला होता. "म्हटलं, दिग्दर्शक यायच्या आत एकदा चढून बघ," तो म्हणाला. "कुणी बघत नसताना घाबरायला लाज वाटत नाही." मी म्हणालो, "आणि तुम्ही?" "मी कुठे बघतो? मी खालचा. मी जमीन बघतो."

चढलो. अर्ध्यावर दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरली. तसाच वर गेलो, वरच्या पायरीवर उभा राहिलो, दांडी धरली, आणि जिराफ हलत होता. मी डोळे मिटले. का मिटले सांगता येणार नाही, पत्र्यावर मिटतात म्हणून. काळ्यात थांबलो. आधी भीती आली, मग भीतीच्या मागून ते हळू गोल फिरणं आलं, बादलीतलं पाणी, ओळखीचं, माझं. ते होतं. आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. बारीक. झरझर. दुसऱ्या खोलीत कुणीतरी शिवणयंत्र चालवतंय आणि त्याची थरथर जमिनीतून तळपायांना कळतेय, तसं. हे माझं नव्हतं. पत्र्यावर हे नव्हतं. पत्र्यावर दुसरं कुणी नव्हतं.

वरच्यानं खाली बघायचं नाही. मी खाली बघितलं.

मामाचा उजवा पाय पहिल्या पायरीवर रोवलेला होता आणि थरथरत होता, मांडीपासून घोट्यापर्यंत, सगळी विजार थरथरत होती, वाऱ्यानं हलावी तशी, पण तिथं वारा नव्हता. दुसरा पाय जमिनीवर, तोही. हातांच्या शिरा वर आलेल्या, शिडी आवळून धरलेली, थरथर हातांनी दाबून टाकता येईल असं वाटत असल्यासारखी. आणि मामा जमिनीकडे बघत नव्हता. मान पाठीपर्यंत मागे टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून, तो वर बघत होता. माझ्याकडे. डोळ्यांत पडणाऱ्या धुळीनं डोळे बारीक करून, पण न मिटता. भुवईवरचा वण इतक्या उंचावरूनही दिसत होता. आमची नजरानजर झाली. कितीतरी वेळ दोघंही तसेच, नियम मोडून.

"खाली काय बघतोस?" मामा खेकसला.

"तुम्ही वर काय बघताय?"

मी पडलो नाही.

खाली उतरलो तेव्हा तो पाठ फिरवून रबराच्या टोप्या तपासत होता. "पाय कधीपासून असे?" मी विचारलं. "कसे?" "मामा." "बरेच दिवस. उभं राहिलं की होतं. बसलं की काही नाही. चाललं की काही नाही. नुसतं एका जागी उभं राहिलं की शिंचे नाचायला लागतात." "मग सांगितलं का नाही?" मामा वळला. त्याच्या पापण्यांवर वरची धूळ बसली होती, माझ्या पायांखालची. "कुणाला सांगणार? तुला? त्या वेळी तुला काही सांगितलं असतं तर तू 'बरं' म्हणाला असतास." खरं होतं. मी 'बरं' म्हणालो असतो. "मॅनेजर म्हणालेच होते, मामा, आता दारावर बसा, स्टूल देतो, तिकिटं बघा. म्हटलं बसतो, पण पुढच्या नाटकापासून." "किती पुढची नाटकं झाली मग?" "झाली काही." त्यानं रुमालानं डोळे पुसले, धुळीचे. "वर हात सोडून उभा राहायचास," तो म्हणाला. "मेल्या, मान राहिली ना माझी अशी." एवढंच बोलला, आणि मान चोळायला लागला.

मी जिराफाकडे बघत होतो. मागचा आठवडाभर मी ज्या हलण्याला घाबरत होतो ते हलणं त्या आधीही रोज होतंच, आणि मी त्याच्यावर हात सोडून उभा होतो, आणि मला कळलं नव्हतं. खांबाला कुठे कळतं. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं नाटकातलं वाटत होतं. म्हणून मी म्हणालो, "बसा."

"कुठे?"

"इथे. पहिल्या पायरीवर. जिराफाकडे पाठ करून. बसल्यावर पाय नाचत नाहीत ना? मग बसा. वजन तेच."

"बसून शिडी धरतात होय? लोक काय म्हणतील? आजोबा दमले?"

"म्हणू देत. आणि उद्या माझ्याबरोबर चला. तिथं एक पत्रा आहे, त्यावर नुसतं उभं राहायचं. तिथल्या बाई आहेत, त्यांना कळतं कोण कुठून हलतं ते."

"मला नाही डोक्यावर टकटक करून घ्यायची."

"तुम्हाला कोण करतंय? टकटक माझी. तुम्ही पत्र्यावर उभे राहा आणि माझं होईपर्यंत बाहेर बसा."

मामा पुटपुटत बसला. पहिल्या पायरीवर, जिराफाकडे पाठ, हात मागे नेऊन दोन्ही बाजूंना धरलेले, तोंड रिकाम्या खुर्च्यांकडे. असं बसल्यावर त्याला वर बघताच येत नव्हतं. हे त्याच्याही लक्षात आलं असावं. त्यानं एकदा मान वळवायचा प्रयत्न केला, दुखली, सोडून दिला. मी त्याच्या खांद्यावरून पाय टाकून वर चढायला लागलो. शिवणयंत्र थांबलं होतं. त्याची पाठ लोखंडाला टेकलेली होती, शांत, जड, आणि ते वजन मला प्रत्येक पायरीत लागत होतं. वर पोचलो. हात सोडले नाहीत. एका हातानं दांडी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं, खरचटलेल्या, चुरचुरणाऱ्या हातानं, दिव्याचा स्क्रू फिरवला.

खालून, खुर्च्यांकडे तोंड करून, मामा म्हणाला, "राजे, आता हलतंय ते तुमचं हं. पाठीला कळतंय."

"हो," मी म्हणालो. "माझंच आहे."